पाच सह्यांचा पलंग

पलंग जिन्यात अडकला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण 'खट्' असा आवाज होताच धाकट्यांनी आधी मनगटाकडे पाहिलं आणि मग पलंगाकडे. तीस वर्षं रेकॉर्ड शाखेत काढलेला माणूस. घरात बशी फुटली तरी हे आधी वेळ बघणार आणि नंतर कुठली बशी ते विचारणार.

आता अडकला म्हणजे कसा अडकला, ते नीट सांगायला हवं. पहिल्या मजल्यावरून दुसऱ्याकडे जाताना जिना जिथे वळतो, तिथल्या इवल्याशा चौकात तो पलंग एका कुशीवर आडवा पडला होता. डोक्याकडची बाजू समोरच्या भिंतीत रुतलेली, एक पाय कठड्याच्या गजांत घुसलेला, दुसरा वरच्या जिन्याच्या पोटाला टेकलेला. आणि आतल्या कोपऱ्यात, दोन भिंती आणि पलंगाची जाळी यांच्यामध्ये, खुद्द धाकटे. ते पुढे राहून रस्ता दाखवत होते. रस्ता संपला, ते तिथेच राहिले. जाळीमागे उभा असलेला तो गृहस्थ पाहून अनोळखी माणसाला वाटलं असतं, चेहऱ्यावरून वाटत नाही, पण काहीतरी मोठं केलेलं दिसतंय यांनी.

"साहेब, पुढे घेऊ का?" खालून त्यांच्या शाखेतल्या ज्येष्ठांनी विचारलं.

"पुढे कुठे घेता? पुढे मी आहे!"

"बरं साहेब," खालचे चौघे एका सुरात म्हणाले आणि पलंग धरून उभे राहिले.

पलंग होता आईसाठी. पंधरा दिवसांपूर्वी आई बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, घरी न्यायला हरकत नाही, पण दांडा फिरवून डोकं वरखाली करता येईल असा दवाखान्यातला लोखंडी पलंग हवा. त्यावर थोरल्यांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या विषय मिटवून टाकला. थोरले म्हणजे धाकट्यांचे मोठे भाऊ. ते विषय काढत नाहीत, थेट मिटवतात. "तुझ्याकडे लिफ्ट नाही, मनुष्यबळ नाही, आणि खरं सांगू का, तुझ्यात ती धमकही नाही. मी एका वृद्धाश्रमात जागा बघितलीये. चांगली सोय आहे."

चौपन्नावं वर्ष चालू असलेल्या, आणि तरीही इमारतीत, ऑफिसात, किराणावाल्याकडे 'धाकटे' म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या या माणसाने तेव्हा जन्मात पहिल्यांदा भावाला उलट उत्तर दिलं. "आई माझ्याकडे येईल."

थोरल्यांनी चष्मा काढून पुसला. "ठीक. गुरुवारी सहा वाजेपर्यंत ते लोक जागा धरून ठेवणारेत. सहाच्या आत पलंग खोलीत लागलेला दिसला, तर तुझ्याकडे. नाहीतर ॲम्ब्युलन्स तशीच तिकडे वळेल."

आईला विचारलं, तर ती म्हणाली, "जिथं न्याल तिथं जाईन." बस्स. एवढंच. ज्या बाईने आयुष्यभर भाजीवाल्यालाही त्याच्या मर्जीने मटार निवडू दिला नाही, तिच्या तोंडून हे! रात्री ते बायकोला म्हणाले, "ती घाबरलीये गं. आई घाबरलीये." आणि मग त्यांनी कंबर कसली.

कंबर कसली म्हणजे काय केलं, तर शाखेतल्या चौघांना कामाला लावलं. हे चौघे म्हणजे एका साच्यातून काढलेले गणपती म्हणावेत असे. एकाच शाखेत मुरलेले, एकाच टेबलाभोवती बसणारे, एकाच वेळी डबा उघडणारे. ऑफिसात म्हणायचे की या चौघांत मिळून एकच मत आहे आणि तेही साहेबांच्या ड्रॉवरमध्ये असतं. त्यांच्यातले सगळ्यात जुने ते ज्येष्ठ. बाकी तिघे ज्येष्ठांनी मान हलवली की हलवायचे. धाकट्यांना याचा केवढा अभिमान! "माझ्या शाखेत बारा वर्षांत एक भांडण झालेलं नाही," असं ते पाहुण्यांना सांगत. पाहुणे काय बोलणार?

"अहो," वरून आवाज आला. बायको. ती दुसऱ्या मजल्यावरच्या दारातून चार पायऱ्या उतरून आली होती आणि पलंगाच्या पलीकडून नवऱ्याचं टक्कल तेवढं तिला दिसत होतं. "जिन्याचं माप कुणी घेतलं होतं?"

"रीतसर घेतलंय! कागद आहे. चार फूट दोन इंच. चौघांच्या सह्या आहेत त्यावर."

"सह्यांचं नाही विचारत. टेप कुणी धरला होता?"

जिन्यात चौघांच्या माना एकदम खाली गेल्या. अशा त्या ऑफिसात तपासणी आली की जातात.

"टेप असा नाही, वहिनी," चौघांतला सगळ्यात नवा (म्हणजे पन्नाशीचा) पुटपुटला. "मी इमारतीच्या नकाशावरून आकडा उतरवला. म्हटलं, पुढचे बघतीलच."

"मी सही बघितली," दुसरा म्हणाला. "सही आहे म्हणजे माप घेतलं असणार."

तिसऱ्याने दोन सह्या बघितल्या होत्या. ज्येष्ठांनी तीन. "तिघे एकदम चुकतील असं वाटत नाही ना वहिनी," ज्येष्ठ म्हणाले, आणि मग घसा खाकरून, अतिशय आदराने, "आणि साहेब, सगळ्यात वर 'तपासले' म्हणून आपली पण आहे."

म्हणजे पाच सह्या. एकाही माणसाने जिन्याला टेप लावला नव्हता. चौकाची खरी रुंदी तीन फूट पाच इंच होती, हे पलंगाने सही न करता सिद्ध करून दाखवलं.

"बरोबर," बायको म्हणाली. "एकदिलाने अडकलात. आता मी दुसरी माणसं बोलावते."

"दुसरी कशाला? आम्ही विचार करतोय!"

"तुम्ही पाच जण मिळून एकच विचार करताय. तो झालाय करून."

साडेचारपर्यंत तिने फोन करकरून माणसं गोळा केली. आणि काय माणसं! धाकट्यांनी आपल्या हाताने निवडली असती तर यातलं एकही निवडलं नसतं. समोरच्या दारातले निवृत्त बसड्रायव्हर. कानाने थोडे कमी, त्यामुळे बोलणं सगळं हमरस्त्यावरचं. पहिल्या मजल्यावरच्या टेलरबाई, तोंडात दोन टाचण्या धरून फाडफाड बोलणाऱ्या. तळमजल्यावरची सिस्टर, रात्रपाळी करून झोपलेली, तिला उठवून आणलेली, डोळे तांबडे. आणि तिसऱ्या मजल्यावरचा आचारी, दाराएवढा रुंद. त्याची भाषा इमारतीत त्याच्या बायकोशिवाय कुणालाही येत नव्हती, आणि बायको माहेरी गेली होती.

ड्रायव्हर आणि आचारी वरच्या बाजूला. टेलरबाई आणि सिस्टर खाली, चौघांच्या पुढे. मधे पलंग. पलंगामागे धाकटे.

"सोप्पंय!" ड्रायव्हर गरजले. "डावीकडे मारा!"

"कुणाच्या डावीकडे?" टेलरबाई.

"गाडीच्या!"

"गाडीचं तोंड कुठाय?"

"तोंड वर! वर चाललीय ना गाडी!"

"पेशंटचं डावं धरायचं असतं नेहमी," सिस्टर जांभई आवरत म्हणाली.

"इथे पेशंट कुठे आहे?" धाकटे जाळीतून ओरडले.

"पलंग आहे तर पेशंट येणारच की."

तीन तऱ्हेचं डावं झालं. आचाऱ्याने आपल्या भाषेत काहीतरी सांगून चौथी दिशा दाखवली. मग उचलायचं ठरलं. 'एक-दोन-तीन' म्हणायचं ठरलं. पण ड्रायव्हरना दोन टोल पडले की गाडी सोडायची सवय. त्यांनी 'दोन'ला उचललं. सिस्टरने तीन झाल्यावर श्वास घेऊन उचललं. आचाऱ्याने स्वतःच्या भाषेत पाचापर्यंत मोजलं आणि मग असं काही उचललं की पलंग अर्धा फूट पुढे सरकून धाकट्यांच्या पोटात बसला.

"मेलो!"

"साहेब, काही लागलं का?" चौघे.

"हवा लागेना, एवढंच!"

चार पंचेचाळीस. धाकट्यांना आता घाम फुटला. पस्तीस मिनिटं गेली, पलंग होता त्याहून घट्ट बसला, आणि चार तोंडं चार दिशांना. असं आपल्या शाखेत कधी झालं नसतं, असं त्यांच्या मनात आलं. आपल्या शाखेत आवाज चढत नाही. हे खरं होतं. पलंगही चढला नव्हता, पण ते त्यांच्या मनात आलं नाही.

मधेच आचारी वर गेला आणि तेलाचा डबा घेऊन आला. मोठी भांडी अरुंद दारातून काढताना आचारी लोक कडांना तेल लावत असावेत, कारण कुणी काही म्हणायच्या आत त्याने भिंतीच्या कडेला आणि पलंगाच्या पायाला भरपूर तेल चोपडलं. कल्पना वाईट नव्हती. पण तेलाला उतार कळतो. ते पायरीपायरीने खाली आलं आणि ज्येष्ठांच्या चपलेखाली पोचलं. ज्येष्ठ बसल्या बसल्या पाच पायऱ्या उतरले. वाटेत त्यांनी "साहेब" एवढंच म्हटलं. हातातला मापाचा कागद मात्र सोडला नाही.

"मी एक बोलू का?" टेलरबाईंनी टाचण्या काढून पदराला लावल्या. म्हणजे आता गंभीर. "बाही घालताना आधी हात जातो, मग खांदा. तुम्ही खांदाच आधी घुसवलाय. हा पाय आधी कोपऱ्यात घाला, मग कंबर वळवा, मग डोकं आपोआप येतं."

"ते जमणार नाही," ड्रायव्हर म्हणाले. "आधी दोन पायऱ्या मागे घ्यायला लागेल. वळण मारायचं तर गाडी आधी रिव्हर्स."

"मग मी काय वेगळं सांगतेय?"

"तुम्ही बाही सांगताय! इथे बाहीचा काय संबंध?"

"आणि तुम्ही तासाभरापासून बस हाकताय!"

दोघांची चांगली जुंपली. त्यात कुणीतरी कुणाच्यातरी शिवलेल्या पँटचा विषय काढला, कुणीतरी कुणाच्यातरी ऐकू न येण्याचा. सिस्टर भिंतीला टेकून डोळे मिटून उभी होती, ती म्हणाली, "दोघं एकच सांगताय. फक्त कोपरा रिकामा पाहिजे." आणि तिने डोळे उघडून कोपऱ्याकडे पाहिलं.

टेलरबाईंनीही पाहिलं. "भाऊ, तुम्ही आधी बाहेर या."

"मी?" धाकटे. "मी इथून सूत्रं हलवतोय!"

"सूत्रं नका हलवू. तुम्ही हला."

आता बाहेर येण्याची वाट एकच होती. जाळीच्या खालून, जेमतेम दीड फूट उंचीच्या फटीतून, चारी पायांवर. शाखाधिकारी. चार हाताखालच्या माणसांसमोर. धाकट्यांनी त्या फटीकडे बघितलं, चौघांकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा लाल झाला. लहानपणी दादाने खाटेखाली चेंडू टाकायचा आणि यांनी रांगत जाऊन आणायचा, असा खेळ होता. खेळ दादाचा होता, रांगायला हे.

"साहेबांनी असं... म्हणजे... शाखेच्या दृष्टीने बरं दिसणार नाही," ज्येष्ठ खालून, कंबर चोळत म्हणाले. तिघांनी माना हलवल्या.

"माझ्यामुळे काही अडलेलं नाही," धाकटे म्हणाले. "अडलंय ते कठड्यामुळे. कठडा काढा."

वरून बायकोने कपाळाला हात लावला.  

कठड्याचे बोल्ट काढायला ड्रायव्हरांकडे पाने होते. पण कठडा इमारतीचा. तिसऱ्या मजल्यावरून सोसायटीचे अध्यक्ष खाली वाकून म्हणाले, "हात लावायचा नाही. सामायिक मालमत्ता आहे. लेखी अर्ज, सात दिवसांची नोटीस, मग सभा."

इथे मात्र चौघांचे डोळे चमकले. तुम्ही हसाल, पण त्या दिवशी त्या चार माणसांनी जे केलं ते चार वेगवेगळ्या माणसांना सात जन्मांत जमलं नसतं. एकाने पाठीचं टेबल केलं, दुसऱ्याने कागद धरला, ज्येष्ठांनी सांगितलं, नव्याने लिहिलं. कुणाला काही समजवायची गरजच पडली नाही. सहा मिनिटांत अर्ज तयार. विषय, संदर्भ, तातडीच्या परिस्थितीत अध्यक्षांना असलेला अधिकार, कार्योत्तर मंजुरी, आणि शेवटच्या ओळीत नम्रपणे एवढंच, की जिना बंद असल्याने मा. अध्यक्षांनाही संध्याकाळी फिरायला जाता येणार नाही. सुतळीला बांधून अर्ज वर गेला. सही होऊन खाली आला. धाकट्यांचा ऊर भरून आला, म्हणजे जेवढा त्या जागेत भरून येणं शक्य होतं तेवढा.

पाच पंचवीसला कठडा निघाला. गजातला पाय सुटला. सगळ्यांनी जोर लावला. पलंग जागचा हलला, आणि पुन्हा धाकट्यांच्या पोटावर येऊन थांबला.

 सगळे कोपऱ्याकडे बघत होते.

तेवढ्यात धाकट्यांच्या खिशातला फोन वाजला. एक हात कसाबसा मोकळा होता. थोरले. "निघालोय आम्ही. वीस मिनिटांत पोचतो. लागला पलंग?"

धाकटे आयुष्यात दादाशी खोटं बोलले नव्हते. धाडसच झालं नव्हतं. "लागतोय," ते म्हणाले.

"लागलाय की लागतोय?"

फोन त्यांच्या हातून निसटून जाळीत पडला आणि तिथून "हॅलो? हॅलो?" करत राहिला.

पुढची वीस मिनिटं काय झालं ते सांगण्यासारखं नाही. ड्रायव्हर आणि टेलरबाई एकमेकांशी थेट न बोलता सिस्टरमार्फत बोलत होते. आचारी एकटाच पलंगाशी झटत होता. चौघे "साहेब सांगतील तसं" म्हणत होते आणि साहेबांना काही सुचत नव्हतं.  कठडा गेला होता, एका माणसाची कंबर गेली होती, शेजाऱ्यांचा सलोखा गेला होता, आणि आई आता कुठल्यातरी सिग्नलला उभी असेल. सहा वाजता ती गाडी वळेल. ती काही बोलणार नाही. जिथं न्याल तिथं जाईन, म्हणालीच आहे.

पाच अठ्ठेचाळीसला खाली हॉर्न वाजला.

ॲम्ब्युलन्सवाल्याने आईला चाकांच्या खुर्चीतून जिन्याच्या तोंडाशी आणलं. थोरल्यांनी एक मजला चढून वर पाहिलं. तेल, काढून ठेवलेला कठडा, एकमेकांकडे पाठ केलेले शेजारी, आणि मधोमध जाळीमागे धाकटा भाऊ. ते रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान हलवली आणि घड्याळ पाहिलं. "बघ आई. मी काय म्हटलं होतं? चला हो, गाडी वळवा."

"थांब," आई म्हणाली. आवाज बारीक झाला होता, पण जिन्यात घुमला. "ए! कुठे आहेस तू?"

"इथे, आई. कोपऱ्यात."

"काय करतोयस तिथे?"

"पलंग आणतोय."

"तू कोपऱ्यात, पलंग तुझ्यापुढे. मग आणतंय कोण?"

धाकट्यांनी जाळीकडे पाहिलं. 

"बाहेर ये."

"आई, रांगत यावं लागेल गं." त्यांचा आवाज एकदम आठ वर्षांच्या मुलासारखा निघाला. "सगळे बघतायत."

"बघू देत. मी आज सकाळी परक्या पोरीच्या कमरेला धरून तीन पावलं चालले. पांगुळगाड्यातल्या पोरीसारखी. अख्खा वॉर्ड बघत होता. मेले का मी? रांग."

धाकट्यांनी चष्मा काढून वरच्या खिशात ठेवला. खाली वाकले. आधी डोकं, मग खांदे. पोटाशी जरा वेळ लागला, तेव्हा वरून बायकोने काखेत हात घालून ओढलं. तेलाने माखलेले, शर्टाची दोन बटणं तुटलेली, असे ते पलीकडे निघाले आणि पायरीवर बसले. कुणी हसलं नाही. आचाऱ्याने तेवढ्या टाळ्या वाजवल्या. बहुधा त्याच्याकडे तशी पद्धत असावी.

"साहेब," ज्येष्ठ खालून हळूच म्हणाले, "आमच्या मगाशीच लक्षात आलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बारा वर्षांत कधी बोललो नाही, साहेब. एकदम आज कसं बोलणार?"

यावर बोलत बसायला वेळ नव्हता.  पाच बावन्न. "सिस्टर," ते म्हणाले, "तुम्ही सांगा. आम्ही करतो."

सिस्टर भिंतीवरून सरळ झाली. झोप कुठल्या कुठे गेली. "पेशंट वळवताना एकच नियम. डोकं ज्याच्या हातात, तो मोजणार. बाकीच्यांनी तोंड बंद."

डोकं आचाऱ्याच्या हातात होतं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ड्रायव्हर, जे दोनला सोडायचे, त्यांनी पाच बोटं वर केली. टेलरबाईंनी मान डोलावली. आचाऱ्याने मोजायला सुरुवात केली. एकही शब्द कुणाला कळत नव्हता, म्हणून सगळे कान देऊन ऐकत होते. पाचाला सगळ्यांनी एकदम उचललं.

ड्रायव्हरांनी सांगितल्याप्रमाणे दोन पायऱ्या मागे. पुन्हा पाच. टेलरबाईंनी दाखवला तसा पाय आधी रिकाम्या कोपऱ्यात. पुन्हा पाच. कंबर वळली. तेलाने भिंतीची कड सुळकन सुटली, कठडा होता तिथून दुसरा पाय बाहेर झुलला, आणि डोकं, बाई म्हणाल्या होत्या तसं, आपोआप आलं. पाच सत्तावन्नला पलंग खोलीत खिडकीपाशी उभा होता.

पण आई अजून खालीच होती, आणि जिना तेलाने चकाकत होता. टेलरबाईंनी दुकानातलं चिंध्यांचं गाठोडं आणून पायऱ्यांवर ओतलं. खुर्चीसकट उचलायचं तर चार कोपऱ्यांना चार माणसं हवीत. आचारी, ड्रायव्हर, धाकटे. ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, माझी पाठ दुखते. ज्येष्ठांची कंबर आधीच गेलेली, आणि ज्येष्ठ पुढे झाले नाहीत म्हणून बाकीचे तिघेही जागचे हलले नाहीत.

"अहो, घड्याळ काय बघताय?" टेलरबाई थोरल्यांना म्हणाल्या. "धरा ही बाजू."

आजवर थोरल्यांना असं कुणी बोललं नव्हतं. आश्चर्याने त्यांनी बाजू धरली. आचाऱ्याने मोजलं, थोरल्यांना तीनलाच उचलायचं होतं, सगळे एकदम ओरडले, "पाच! पाच!" आणि आई वर उचलली गेली. मुकाट, उलट्या पावलांनी चढणारे थोरले, वरून सिस्टरचं "डावा पाय, आता उजवा, थांबा."

मधल्या चौकात पोचले आणि थोरल्यांच्या खिशात फोन वाजू लागला. सहा. वृद्धाश्रम.

"फोन..." थोरले.

"घ्यायचाय?" सिस्टरने विचारलं. "मग आईंना खाली ठेवावं लागेल."

फोन वाजत राहिला. कुणीच हललं नाही. थोरल्यांच्या कपाळावरून घाम नाकावर आला आणि पुसायला हात नव्हता. धाकट्यांनी पलीकडच्या कोपऱ्यातून पाहिलं: दादाने खुर्ची आणखी घट्ट धरली होती, अगदी त्यांनी स्वतः धरली होती तशीच. मग फोन थांबला. आचाऱ्याने मोजायला सुरुवात केली.

सव्वासहाला आई पलंगावर होती. दांडा फिरवून बायकोने तिला टेकवून बसवलं. दारात सगळी फौज उभी होती. ड्रायव्हर आणि टेलरबाई दाराच्या दोन बाजूंना, अबोला चालू ठेवून. आईने एकेकाकडे नीट पाहून घेतलं. मग थोरल्यांकडे वळली. ते हाताचे तळवे चोळत बसले होते.

"तुझ्याकडे लिफ्ट आहे ना रे?"

"दोन आहेत, आई."

"बरं आहे. आणि शेजारी कोण राहतं?"

थोरल्यांनी तोंड उघडलं. विचार केला. मग मिटलं.

आई टोमणा मारत नव्हती. तिला खरंच काळजी वाटली होती. ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि म्हणूनच थोरले उठून गॅलरीत गेले. जरा वेळाने धाकटे त्यांच्यामागे गेले. थोरले पाठमोरे फोनवर बोलत होते.

"हो, तुमचा फोन आला होता. घेता आला नाही, हातात आई होती. नाही, ती नाही येणार आता. द्या ती जागा दुसऱ्या कुणाला." मग ते गॅलरीच्या कठड्याला टेकले. "थांबा, ठेवू नका. एक विचारायचं होतं. तुमच्याकडे किती वर्षं आधी नाव घालून ठेवावं लागतं? नाही, नाही, आईचं नाही. माझं."

जन्मभर धाकट्यांना एकदा तरी दादाला हरवायचं होतं. ते दारातच उभे राहिले. मग पुढे झाले, आपल्या तेलकट हाताने दादाच्या हातातला फोन काढून घेतला आणि बंद केला.

"आत चल, दादा," ते म्हणाले. "चहा निवतोय."